ॲटदरेट सर

ॲटदरेट सरांना एका चिन्हाचा राग होता. माणसाला शेजाऱ्याचा राग असतो, साडूचा असतो, फार तर एखाद्या भाजीचा असतो. ह्या गृहस्थाला कीबोर्डवरच्या ॲट-द-रेटचा राग होता. आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कुणाच्याही पडद्यावर ते चिन्ह उमटलं, की दुसऱ्या टोकाला पाठ करून उभ्या असलेल्या सरांना त्याचा वास यायचा. मग मधल्या चार खुर्च्या आणि दोन पोरं ओलांडून ते येत, पडद्याकडे बघत आणि म्हणत, "पुसा बाप्पा हे. मले जेवन नाही जात मंग." एका मशीनवरच्या दोनच्या कळेवरून त्यांनी ते चिन्ह खिळ्यानं खरवडून काढलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बाकीच्या एकोणचाळीस मशीनवरूनही काढलं होतं असं लोक सांगतात. लोक म्हणजे मी.

कारण असं की सर जावा शिकवायचे. जावात आधी साचा करायचा, त्याला क्लास म्हणतात, आणि मग त्या साच्यातून वस्तू काढायच्या, जशा विटा काढतात तशा. विद्यार्थ्याचा साचा केला, त्यात एका पोराचं नाव, गाव, रोल नंबर भरला, की झाली एक वस्तू तयार. आता तिला पडद्यावर छापायला सांगितलं तर तिनं आपलं नाव-गाव सांगावं, एवढी अपेक्षा कुणीही भला माणूस करील. पण तिला आधी शिकवून ठेवलं नसेल, तर ती फक्त साच्याचं नाव घेते, पुढे ॲट-द-रेट लावते आणि मग चार-आठ अक्षरं-आकडे ओकते. 'स्टुडंट ॲट-द-रेट सेव्हन-ए-फाइव्ह-एफ.' म्हणजे आपलं एवढं सोन्यासारखं नाव आणि वर आलं हे. सर म्हणायचे, "मुकी वस्तू आहे ही. पोटात समदं आहे, पन तोंड नाही." हे तोंड बसवण्याच्या कामाला टू-स्ट्रिंग म्हणतात. दोन-तीन ओळींचं काम. जगभर लोक ते शेवटी करतात, नाहीतर विसरतात. सरांचा नियम उलटा होता. साचा केला की पहिल्यांदा टू-स्ट्रिंग, मग बाकीचा संसार.

हे सर केनवडचे. रोज सकाळच्या एसटीनं रिसोडला यायचे, हातात जेवणाचा डबा आणि खिशात स्वतःचा खडू, कारण कॉलेजच्या खडूनं फळ्यावर फक्त ओरखडे उठायचे. खरं नाव इथं लिहीत नाही. त्या माणसाला अजून त्याच भागात राहायचं आहे. आमच्या लॅबमध्ये चाळीस मशीन होत्या, त्यांतल्या अकरा चालत, सात पळत आणि दोन सरळ. उन्हाळ्यात आत इतकं तापायचं, की एकदा माऊस वितळून टेबलाला चिकटला होता आणि तो सोडवायला वेल्डर बोलवावा लागला. त्या भट्टीत सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे राहत आणि त्यांना घाम येत नसे. घाम येणं कायम नोकरीवाल्यांना परवडतं, असं ते म्हणायचे.

वर्षाच्या पहिल्या दिवशी ते फळ्यावर काही लिहीत नसत. एकेकाला उभं करून म्हणत, "तू वस्तू आहे. छापून दाखव स्वतःले." कुणी नाव सांगून बसायचा, कुणी नुसतं गाव सांगायचा. माझी पाळी आली तेव्हा मी नाव सांगितलं, अब्बांचं नाव सांगितलं, भांड्यांचं दुकान सांगितलं, आमच्या आजोबांनी एका बुक्कीत बैल लोळवला होता तेही सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "इर्फान, टू-स्ट्रिंगमध्ये जे आहे तेच सांगाचं राह्यते," ते म्हणाले, "बैल कायले आनला मधात?" पोट्टे इतके हसले, की छताचा पोपडा पडला. तेव्हापासून वर्गात माझी प्रत्येक बढाई 'बैल' म्हणून मोजली जायची.

आणखी एकदा एका पोरानं मोठ्या उत्साहानं टू-स्ट्रिंग लिहिली. नाव, गाव, रोल नंबर, आणि शेवटी जातीचा प्रवर्ग. फीच्या फॉर्मवर होता, म्हणून साच्यातही घातला, साच्यात होता म्हणून छापला. सरांनी त्याच्या खांद्यावरून हात नेऊन तो तुकडा खोडला. ते म्हणाले, "वस्तूजवळ असते त्यातलं किती वर दाखवाचं, हे आपल्या हातात आहे. पासवर्ड दाखवतं का तू? नाही ना? मंग हे कायले दाखवून राह्यला?" पोरगा म्हणाला, "सर, मले वाटलं पूर्ण ओळख पायजे." सरांनी खडू खाली ठेवला. मग त्यांनी आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली, ती एकदाच, आणि कुठलाही मसाला न घालता. गाव त्या आजोबांना नावानं हाक मारत नसे. 'ए' म्हणत, नाहीतर कामाच्या नावानं बोलवत. धम्म घेतल्यावर त्या म्हाताऱ्यानं एवढंच लिहायला शिकून घेतलं, स्वतःचं नाव, आणि ते खडूनं दाराच्या फळीवर लिहून ठेवलं. पावसानं पुसलं की पुन्हा लिहायचा. "दुसरं काही वाचता येत नव्हतं त्याले," सर म्हणाले. "पन आपल्याले कोनी काय म्हनाचं, हे त्यानं स्वतः लिवलं." मग त्यांनी खडू उचलला आणि इनहेरिटन्स, म्हणजे एका साच्याचा वारसा दुसऱ्याला कसा जातो ते, शिकवायला घेतलं. त्या तासाला मी एकही बैल सोडला नाही.

आमच्या दुकानावर ते अधूनमधून येत, विकत काही घेत नसत. आमच्या भागात कुणाला भांडं द्यायचं तर त्यावर नाव घातल्याशिवाय देत नाहीत. मामानं दिलं, आत्यानं दिलं, कुणाच्या लग्नात दिलं, सगळं त्या स्टीलवर कोरून पाहिजे. अब्बा नाव घालायची मशीन घर्र चालवत बसायचे आणि सर बाकड्यावर बसून बघत राहायचे. "पाह्य, तुया अब्बा दिवसाले दोनशे टू-स्ट्रिंग लिवते," असं मला म्हणायचे. अब्बांना त्यातलं काही कळत नसे, पण मास्तर म्हणून चहा मागवत. एकदा विचारलं, "मास्टर, ये लड़का पढ़ता है क्या?" सर म्हणाले, "पढ़ता कम है, हाँकता ज़्यादा." अब्बांना हे इतकं पटलं, की त्यांनी दुसरा चहा मागवला.

एवढा माणूस, आणि होता तासिकेवर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉलेजात मास्तरची जागा असते, पण ती भरत नाहीत, आणि तोवर एकाला तासांप्रमाणे बोलावतात. तो शिकवतो, पेपर तपासतो, निवडणुकीत नेत्यांच्या सतरंज्या उचलतो, आणि मेमध्ये त्याला घरी पाठवतात. जूनमध्ये पुन्हा तोच, पुन्हा नवा अर्ज. सरांनी असे अकरा अर्ज केले होते. कॉलेजातलं एकही कुलूप असं नव्हतं, की ज्याची किल्ली सरांना सापडत नसे, पण हजेरीपत्रकात त्यांचं नाव वेगळ्या वहीत, शेवटच्या पानावर.

विद्यापीठाची समिती येणार होती तेव्हा कार्यालयानं त्यांनाच कर्मचाऱ्यांची यादी तयार करायला सांगितली. सरांनी झकास प्रोग्राम लिहिला. प्रत्येक मास्तर एक वस्तू, आणि प्रत्येक वस्तूला तोंड. नाव, विषय, पदवी, किती वर्षं. कॉम्प्युटरच्या पदापाशी आल्यावर हेडक्लार्कनं, म्हणजे बडे बाबूंनी, कागद पाहून सांगितलं, "इथं रिक्त टाका." सरांनी टाकलं. मी शेजारच्या मशीनवर होतो. म्हटलं, "सर, हे तुमचंच पद ना?" "हो," ते म्हणाले, "मी खुर्चीवर बसलो तरी ते रिकामीच राह्यते. वजन कमी आहे मायं." म्हणजे अकरा वर्षं एक रिकामी खुर्ची आम्हांला जावा शिकवत होती. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या, पण ह्याच्या तोडीची मला कधी सुचली नाही. आणि ही सरकारी होती, सही-शिक्क्याची.

मग त्या वर्षी ती जागा भरायची ठरली. जाहिरात आली, मुलाखतीची तारीख आली, आणि कॉलेजात भिंतीसुद्धा म्हणायला लागल्या, की आता सर कायम. सरांनी काही दाखवलं नाही. पण मी त्यांना एकदा लॅबच्या काचेत बघून भांग पाडताना पकडलं. "केस पांढरे व्हायच्या आधी होऊन जाईन म्हनतो," ते म्हणाले. केस आधीच पांढरे होते.

मुलाखतीच्या पंधरा दिवस आधी आमचं स्नेहसंमेलन होतं. संस्थेच्या अध्यक्षांनी, त्यांना सगळे दादासाहेब म्हणत, अकोल्याहून मोठा पडदा भाड्यानं आणला होता. बक्षीस घेणाऱ्या पोरांची नावं आणि फोटो त्यावर यायचे होते. ते सगळं सरांच्या प्रोग्रामवर चालणार होतं. पोरांची नावं आठवडाभर आधी तयार होती. अडचण केली पाहुण्यांनी. आमच्याकडे माणसाच्या नावाला जेवढी जागा लागते, त्याच्या तिप्पट नावामागच्या-पुढच्या मानाला लागते. माननीय, आदरणीय, विकासरत्न, कार्यसम्राट, मग नाव, मग साहेब, मग कंसात दादा. पोरांच्या साच्यात ते मावेना. त्यात कार्यालयातून दर अर्ध्या तासाला नवी यादी यायची, एकाचा आदरणीय वाढला, की दुसरा रुसला. दुपारी सरांनी मला बोलावलं. सरांच्या पोरांपैकी टंकायला मी सगळ्यांत वेगवान होतो, एवढं मात्र बैलाविना खरं आहे.

"पाहुन्यायचा नवीन क्लास बनव," ते म्हणाले. "टू-स्ट्रिंग आधी लिव, मंग मान भर."

मी गेस्ट नावाचा क्लास बनवला. टू-स्ट्रिंग नंतर लिहू म्हटलं, आधी मान भरून टाकू, तो फार आहे. मान भरता भरता बाहेर मुलींच्या नाचाची तालीम सुरू झाली. मी लॅपटॉप तसाच ठेवून खिडकीशी गेलो, खिडकीतून व्हरांड्यात, व्हरांड्यातून मैदानात. परत आलो तेव्हा सर लॅपटॉप घेऊन स्टेजकडे निघाले होते.

"छापून पाह्यलं का?" त्यांनी विचारलं.

"पाह्यलं सर."

त्यांनी मान डोलावली. वर्गात माझ्या शंभर बढायांतली एकही त्यांनी खरी मानली नव्हती. ही मानली, कारण कामात मी खोटं बोलीन असं त्यांना वाटलं नव्हतं.

संध्याकाळी मैदानात हजार माणसं होती. मी एरवी पाच हजार सांगितली असती. सूत्रसंचालनाला मराठीचे प्राध्यापक होते, त्यांचा आवाज असा, की माइक बंद पडला तरी केनवडपर्यंत जावा. त्यांची सवय अशी, की समोर जे लिहिलेलं दिसेल ते थरथरत्या आवाजात वाचायचं. पडद्यावर दादासाहेबांचा फोटो आला, हार घातलेला, आठ फूट उंच. प्राध्यापकांनी सुरू केलं, "ज्यांच्या पदस्पर्शानं हा परिसर पावन झाला, ते आपले सर्वांचे लाडके, गेस्ट... ॲट-द-रेट... फोर-सी-सेव्हन-थ्री..." पहिल्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं काहीतरी नवीन पुरस्कार मिळाला असेल. मग मागून पहिली शिट्टी आली. दुसऱ्या पाहुण्यांच्या फोटोखाली तेच, फक्त आकडे वेगळे. तिसऱ्यांच्या खालीही. प्राध्यापकांनी तिन्ही वाचले, एकही अक्षर न गाळता. मैदान असं हसलं, की म्हणतात जऊळक्याच्या स्टेशनात उभी गाडी हादरली.

दादासाहेब हसले नाहीत. पुढचा आठवडाभर बाजारात पोट्टे त्यांच्या गाडीमागे 'फोर-सी-सेव्हन-थ्री' ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात आम्हां दोघांना बोलावलं, कारण स्टेजमागे लॅपटॉपपाशी आम्ही दोघंच होतो. दादासाहेब खुर्चीत, बडे बाबू बाजूला. दादासाहेबांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "हे कोनाचं काम आहे?"

मी बुटांकडे बघितलं. डाव्या बुटाची नाडी सुटली होती. आजही ती मला हुबेहूब दिसते, किती छिद्रं, कोणतं फाटलेलं. त्या नाडीकडे मी इतका वेळ बघत राहिलो, की तेवढ्यात एखादा माणूस तीनदा खरं बोलून मोकळा झाला असता.

सर म्हणाले, "प्रोग्राम माया आहे, साहेब."

"तुमी मास्तर आहे ना? पोरायले हेच शिकवता?"

ज्या एका गोष्टीसाठी तो माणूस अकरा वर्षं पोरांशी भांडला, तीच चूक त्याच्या नावावर चढली, आणि ती करणारा त्याच्या शेजारी नाडी मोजत उभा होता.

पंधरा दिवसांनी मुलाखत झाली. त्यांना दोनच प्रश्न विचारले. एक नाव, आणि दुसरा, स्नेहसंमेलनात काय झालं ते सांगा. जागा दादासाहेबांच्या साडूच्या मुलाला मिळाली. तो पहिल्या दिवशी लॅबमध्ये आला आणि त्यानं आम्हांला विचारलं, की ह्यातला कॉम्प्युटर कोणता. हे जरा वाढवून सांगतोय, पण फार नाही. जूनमध्ये सरांचा बारावा अर्ज आला नाही.

मला त्याच वर्षी पुण्यात नोकरी लागली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझा कोड बघून विचारलं, "तू प्रत्येक क्लासमध्ये टू-स्ट्रिंग सगळ्यांत आधी का लिहितोस?" मी म्हटलं, सवय आहे. त्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. म्हणाल्या, मागून येणाऱ्याचा विचार करणारी पोरं हल्ली मिळत नाहीत. मी ते कौतुक खाली मान घालून घेतलं, आणि त्यांना वाटलं मी विनयशील आहे.

सरांना भेटायला मी सहा वर्षांनी गेलो. वेळ नव्हता असं म्हणता येईल, मी तसं पुष्कळांना सांगितलं आहे. ईदला घरी आलो होतो. अब्बा म्हणाले, "मास्टर से मिला क्या?" आणि मी नाही म्हटल्यावर ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी केनवडची एसटी धरली. बाजाराच्या रस्त्यावर टिनाचं शेड, बाहेर ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील अशी पाटी, आत सर. पांढरा शर्ट, इस्त्री तीच. समोर पंधरा-वीस माणसं बाकड्यावर, हातात कागद.

"ये इर्फान," ते म्हणाले. जणू मी काल गैरहजर होतो. "बस. नंबर लागला आहे लोकायचा, जरा थांबा लागन."

मी थांबलो. मग मधेच, लोकांसमोरच, म्हणून टाकलं. वाटलं होतं की मोठं काहीतरी बोलीन, तोंडातून निघालं एवढंच, "सर, त्या दिवशी मी छापून पाह्यलं नव्हतं."

"मले माहीत आहे. पडद्यावर पाह्यलं तवाच समजलं, सकाळी कार्यालयात यायच्या आधी उघडूनही पाह्यलं. मान समदा भरेल होता, टू-स्ट्रिंग नव्हती."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"तू होता ना तिथं," सर म्हणाले. "मले वाटलं, तू सांगशीन."

बाकड्यावरचा एक म्हातारा आमच्याकडे बघायला लागला. मी घाईघाईनं म्हटलं, "सर, पण ती जागा आधीच ठरलेली होती म्हणतात. काही झालं असतं तरी साडूच्या पोरालाच मिळाली असती."

"असन," सर म्हणाले. "पन त्यायले कारन शोधा लागलं असतं. आपन घरपोच देलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी वाचलो असतो. त्यांनी एका पोराचा शिष्यवृत्तीचा फॉर्म पूर्ण केला, छापून त्याच्या हातात दिला, आणि म्हणाले, "वाच एकदा. तुयंच नाव आहे ना?" पोरगा हो म्हणाला आणि गेला. मग सर माझ्याकडे वळले.

"तू गोष्टी लय मस्त सांगतं. पुन्यात ही सांगत असशीन."

मी मान हलवली. सांगतो. कंपनीत नवीन पोरं आली की हीच सांगतो, ती माझी सर्वांत गाजलेली गोष्ट आहे. तीत दादासाहेब दहा फुटी असतात, मैदानात वीस हजार माणसं, आणि प्राध्यापक बेशुद्ध पडतात.

"तीत टू-स्ट्रिंग कोन विसरते?"

आयुष्यभर माझ्या जिभेला हाड नव्हतं. त्या टिनाच्या शेडमध्ये मी पुन्हा बुटांकडे बघितलं. सरांनी वाट बघितली. वर्गात बघायचे तशी, पोराला वेळ देऊन.

"सर," मी शेवटी म्हटलं. "तीत सर विसरतात."

त्यांनी पडद्यावर नवा फॉर्म उघडला. मग विचारलं, "हासतात का लोक?"

"हासतात सर."

"चांगलं आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.